दिवाळीच्या किल्ल्यावरची तोफ सोनेरी की काळी? चाकणच्या वेढ्यातून समजून घ्या

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे, महाराज आणि दोन-तीन तोफा असतातच. बाजारात मिळणाऱ्या यातल्या बऱ्याच तोफा मात्र चकचकीत सोनेरी असतात. जगभर टेबलावर ऐतिहासिक लढाया खेळणारे शौकीन याच छोट्या तोफा रंगवण्यात तासन् तास घालवतात. ब्रिटिश लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये अशा खेळाचे नियम पुस्तकरूपात आणले, तेव्हापासून हा छंद घराघरांत पोहोचला.

राजगुरुनगर परिसरातल्या मुलांसाठी याचा उत्तम विषय खेड तालुक्यातच आहे: चाकणचा संग्रामदुर्ग.

१६६० मध्ये काय घडलं?

जून १६६० मध्ये शायिस्ताखानाने या भुईकोटाला वेढा घातला. किल्लेदार होते फिरंगोजी नरसाळा. मुघलांनी मोर्चे बांधले, मातीचे दमदमे उभारून त्यांवर तोफा चढवल्या. तरीही भर पावसात किल्ला जवळपास दोन महिने झुंजला. अखेर ऑगस्टमध्ये बुरुजाखाली सुरुंग उडवल्यावर तटाला खिंडार पडलं आणि किल्ला मुघलांच्या हाती गेला.

रंग कसा ठरवायचा?

आधी धातू ठरवा. लोखंडी पट्ट्या जुळवून त्यांवर कड्या चढवलेल्या तोफा त्या काळी दख्खनमध्ये होत्या. विजापूरच्या उपली बुरुजावरची सुमारे ३० फूट लांब तोफ याच पद्धतीची. अशा तोफेला काळा-करडा रंग द्या, कड्यांच्या कडेला थोडा गंज दाखवा.

ओतीव तोफ असेल तर तपकिरी रंगात किंचित पिवळी झाक हवी. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली विजापूरची ‘मलिक-ए-मैदान’ अशीच ओतीव आहे. जुन्या तोफांवर दिसणारी हिरवट पुटं मात्र टाळा. ती वर्षानुवर्षं उघड्यावर पडून चढतात. वेढ्यातली तोफ रोजच्या वापरातली होती.

माप किती?

टेबलावरच्या खेळात २८ मिमी उंचीचे सैनिक प्रचलित आहेत. हे प्रमाण साधारण १:५६ इतकं पडतं. म्हणजे ३० फुटी तोफ सुमारे १६ सेंमी लांब होईल. तोफ सैनिकाच्या मापाची नसेल, तर रंगकाम कितीही चांगलं असलं तरी ती खेळणंच वाटते.

रंगवायची कशी?

• प्लास्टर रंग शोषतं, म्हणून आधी अस्तराचा पातळ हात द्या.
• अॅक्रिलिकचा मूळ रंग वाळू द्या.
• गडद रंग पाण्यात पातळ करून खाचांमध्ये सोडा.
• जवळजवळ कोरड्या ब्रशने उठावदार कडांवर फिकट रंग फिरवा.
• गाड्याचं लाकूड फर्निचरसारखं लालसर नको, मळकट तपकिरी ठेवा.

तळ का महत्त्वाचा?

तोफ ज्या पुठ्ठ्यावर किंवा पातळ लाकडी तुकड्यावर चिकटवतात, तो तळ. प्रसंग कुठला आणि कधीचा, हे तळ सांगतो. चाकणचा वेढा पावसाळ्यातला. त्यामुळे पिवळं वाळलेलं गवत इथे चूक ठरेल. फेव्हिकॉलवर बारीक वाळू आणि धुऊन वाळवलेला चहाचा चोथा पसरा, वर गडद मातकट रंग द्या. चाकांच्या खुणांमध्ये चकचकीत वॉर्निश सोडलं की साचलेलं पाणी दिसतं. मुघलांची तोफ असेल तर तळ उंच करा, तोच दमदमा.

सगळ्यात मोठी चूक कोणती?

तोफांची गर्दी करून भुयार विसरणं. संग्रामदुर्गाचा निकाल सुरुंगाने लागला. त्यामुळे बुरुजाखाली भुयाराचं तोंड दाखवलं नाही, तर किल्ला पडला कसा हे बघणाऱ्याला कळणारच नाही.

युनेस्कोने २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या १२ मराठा किल्ल्यांत शिवनेरी आहे, संग्रामदुर्ग नाही. वाढत्या चाकणमध्ये आज त्याचे मोजकेच अवशेष उरलेत. फिरंगोजींनी तो कसा लढवला, हे अंगणातला एक नेमका किल्ला शेजारच्या मुलांना सांगू शकतो.