पुलावर मोडलेला कौल

नोव्हेंबर १६४१. आयर्लंडच्या अल्स्टर प्रांतातल्या लॉगगॉलच्या चर्चमध्ये इंग्रज प्रोटेस्टंट वसाहतवाल्यांना कोंडून ठेवलं होतं. आयरिश कॅथलिक बंडवाल्यांनी त्यांना कौल दिला की तुम्हाला सुखरूप इंग्लंडला धाडतो. पहाऱ्यात चालवत त्यांना पोर्टाडाउनला आणलं. तिथे बॅन नदीवरचा पूल मधोमध मोडलेला होता. अंगावरचे कपडे उतरवून घेतले आणि पुरुष, बायका, मुलं, सगळ्यांना पाण्यात लोटलं. पोहत काठाशी आले त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, डोक्यात वल्ही हाणली. सुमारे शंभर जण गेले. विल्यम क्लार्क नावाचा एक जण पैसे मोजून सुटला; त्याने पुढे शपथेवर दिलेली साक्ष आजही वाचायला मिळते.

या पुलाबद्दल पावणेचारशे वर्षं दोन उलट गोष्टी सांगितल्या जातात. एक पक्ष म्हणतो, प्रोटेस्टंटांची सरसकट कत्तल करायचं आधीच ठरलं होतं आणि कौल हा त्याचा सापळा होता. दुसरा म्हणतो, हे सगळं इंग्रजांनी रचलेलं कुभांड आहे. कागद वाचले की दोन्ही गोष्टी टिकत नाहीत.

कत्तलीचा बेत आधीपासून होता, हा समज सर्वांत जुना. २३ ऑक्टोबर १६४१ ला डब्लिनचा किल्ला आणि अल्स्टरमधली ठाणी एकदम ताब्यात घ्यायची आणि मग राजाशी जमीन आणि धर्म यांबद्दल बोलणी करायची, असा बंडाचा मूळ आराखडा होता. डब्लिनचा डाव आदल्या रात्रीच फुटला. अल्स्टरमध्ये बंडाचा म्होरक्या फेलिम ओ'नील यशस्वी झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने डंगॅननहून जाहीरनामा काढला: इंग्रज आणि स्कॉटिश प्रजेला इजा करण्याचा आमचा हेतू नाही. मात्र १६०९ नंतरच्या इंग्रज-स्कॉटिश वसाहतीत ज्यांच्या जमिनी गेल्या, जे कर्जात बुडाले, ती माणसं त्या जाहीरनाम्याच्या हुकमात नव्हती. आधी गुरं आणि भांडी लुटली गेली, मग कपडे, मग जीव. कौल सरदाराने द्यायचा आणि पाळायचा मात्र वाटेवरच्या हत्यारबंद माणसांनी, अशी ती अवस्था होती. माझ्या मते मोडलेल्या शब्दांचं मूळ इथे आहे.

मेयो काउंटीतल्या श्रूलची घटना पाहा. फेब्रुवारी १६४२ मध्ये कॅसलबारचा किल्ला कौलावर सोडून प्रोटेस्टंटांचा एक जथा गॉलवेकडे निघाला. त्यात किलालाचे बिशप जॉन मॅक्सवेल होते. सोबत खुद्द व्हायकाउंट मेयो. श्रूलला मेयोची हद्द संपते आणि पुलापलीकडे गॉलवे सुरू होतं. तिथून पुढची सोबत एडमंड बर्क नावाच्या माणसाच्या तुकडीकडे आली आणि राखणीला नेमलेल्या याच माणसांनी पुलावर जथ्यावर हत्यारं चालवली. मृतांचा आकडा साक्षींमध्ये ३० पासून ६५ पर्यंत येतो. बिशप जखमी होऊन वाचले. वाचलेल्यांना आसरा दिला तो जवळच्या रॉसच्या मठातल्या कॅथलिक फ्रान्सिस्कनांनी. व्हायकाउंटच्या मुलाला या प्रकरणात दोषी ठरवून १६५३ मध्ये गॉलवेत गोळ्या घातल्या गेल्या.

आकड्यांचा गैरसमज थोडक्यात आटोपता येतो. सर जॉन टेंपल यांच्या या बंडावरच्या १६४६ च्या पुस्तकाने दोन वर्षांतल्या तीन लाख बळींचा आकडा रूढ केला. तेवढे वसाहतवाले अल्स्टरमध्ये राहतच नव्हते. आजचे अभ्यासक प्रत्यक्ष मारले गेलेल्यांची संख्या चार हजारांच्या आसपास धरतात. उघड्यावर, ऐन हिवाळ्यात, थंडीने, उपासमारीने आणि तापाने आणखी काही हजार गेले. तीन लाखांवरून चार हजारांवर आल्याने पोर्टाडाउनचा पूल मात्र पुसला जात नाही.

आता कुभांडाची गोष्ट. डिसेंबर १६४१ पासून डब्लिनमध्ये एक आयोग निर्वासितांच्या जबान्या घेऊ लागला. आधी लुटीची नोंद होत होती, पुढे खुनांचीही. अशा सुमारे आठ हजार जबान्या ३१ खंडांत ट्रिनिटी कॉलेजात आहेत. त्यांना खोटं ठरवणारे दोन गोष्टी पुढे करतात. पहिली म्हणजे भुताची. एलिझाबेथ प्राइसची पाच मुलं पोर्टाडाउनला बुडाली. तिने सांगितलं की नदीत कमरेइतक्या पाण्यात एक बाई उभी दिसली आणि ती सूड, सूड असं ओरडत होती. पाच लेकरं गमावलेल्या आईला नदीत काय दिसलं यावरून पुलावर काय झालं ते ठरत नाही. तिथे लोकांना बुडवलं हे तिच्याखेरीज इतरांनीही सांगितलं आहे. काय डोळ्यांनी पाहिलं आणि काय कानावर आलं, हे जबान्यांमध्ये बऱ्याचदा वेगळं नोंदवलेलं असतं. ते वेगळं ठेवून वाचलं पाहिजे. दुसरी गोष्ट खोडलेल्या ओळींची. अनेक पानांवर मजकुरावर रेघा मारलेल्या आहेत आणि अठराव्या शतकापासून त्याचा अर्थ 'हा भाग खोटा म्हणून काढला' असा लावला गेला. नंतरच्या संशोधनातून उलगडलं ते असं, की जबान्यांच्या संक्षिप्त नकला करताना कारकुनाने वगळायचा मजकूर त्या रेघांनी दाखवला होता. २०१० पासून ही सगळी पानं इंटरनेटवर खुली आहेत.

शब्द फक्त बंडवाल्यांनी मोडला, हाही समज खरा नाही. मे १६४२ मध्ये बंड मोडायला आलेल्या रॉबर्ट मनरोच्या स्कॉटिश फौजेने न्यूरी घेतली. किल्ला तहाने हाती आला. दुसऱ्या दिवशी आतल्या बहुतेकांना आणि किल्ल्यात कधी नसलेल्या व्यापाऱ्यांनाही पुलावर नेऊन, चौकशी न करता गोळ्या घातल्या, फासावर दिलं, बुडवलं. त्याच फौजेतला अधिकारी जेम्स टर्नर याने आठवणींत लिहून ठेवलं आहे की तह एक तर वाईट केला होता किंवा वाईट पाळला गेला. शिपाई शंभराहून अधिक बायकांनाही मारायला निघाले होते. काहींचा जीव गेल्यावर टर्नरने बाकीच्यांना सोडवलं.

पाळलेले कौल मात्र फारसे कुणाला आठवत नाहीत. कॅव्हनमध्ये बिशप विल्यम बेडेल बंडवाल्यांच्या ताब्यात होते. आयरिश भाषेत जुन्या कराराचं भाषांतर करवून घेणाऱ्या या माणसाबद्दल त्यांना आदर होता. फेब्रुवारी १६४२ मध्ये ते वारले तेव्हा बंडवाल्यांनी त्यांना लष्करी मानवंदना दिली. त्याच काउंटीतले दोन किल्ले उपासमारीने टेकीला आले आणि जूनमध्ये कौलावर सोडले गेले. हजारावर माणसं बंडवाल्या ओ'रायलींच्या पहाऱ्यात चालत द्रॉहेडाला सुखरूप पोचली.

या द्रॉहेडाला बंडवाल्यांनी १६४१-४२ च्या हिवाळ्यात वेढा घातला होता आणि ते त्यांच्या हाती लागलं नव्हतं. सप्टेंबर १६४९ मध्ये इंग्रज पार्लमेंटचा सेनापती क्रॉमवेल याने ते घेतलं. गावाचा सुभेदार आर्थर अॅस्टन इंग्रज होता आणि शिबंदीतही इंग्रज राजनिष्ठ होते. मिलमाउंटच्या टेकडीवर अॅस्टनच्या माणसांनी जीवदानाच्या शब्दावर हत्यारं ठेवली, असं त्या काळचे काही वृत्तांत सांगतात. त्यांनाही मारण्यात आलं. क्रॉमवेलने लंडनला पत्र लिहिलं आणि त्यात या कत्तलीला १६४१ मध्ये सांडलेल्या निरपराध रक्ताबद्दलचा देवाचा न्याय म्हटलं.