खोक्यावर ‘एअरप्रिंट’ आहे का?

विंडोज सोडताना : भाग ६

गेल्या आठवड्यात जुन्या संगणकावर लिनक्स बसवून झालं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, तेव्हापासून हा मार्ग धरणारे वाढले आहेत. इंटरनेट चालतं, मराठी टाइप होतं, आणि मग घरातलं कोणीतरी विचारतं, ‘प्रिंट कशी काढायची?’

नाशिक रोडला हा प्रश्न शोभतोही. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ पासून आणि करन्सी नोट प्रेस १९२८ पासून इथे उभी आहे. ‘आजोबा प्रेसला होते’ एवढं म्हटलं की इथल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. पण याच गावात बिटकोच्या आसपास प्रिंटर घ्यायला गेलं आणि लिनक्सचं नाव काढलं, की ‘त्याला प्रिंटर चालत नाही साहेब’ हे उत्तर ठरलेलं. देशभरातली जिल्हा न्यायालयं उबंटू लिनक्सवर काम करतात आणि निकालपत्रं त्यावरूनच छापतात, हे त्या दुकानदाराला जरूर सांगा.

अर्थात त्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. काही प्रिंटर खरोखरच छळतात, आणि नेमके तेच आपल्याकडे गल्लोगल्ली दिसतात. झेरॉक्सच्या दुकानातला कॅनन एलबीपी २९०० घ्या. यंत्र दणकट, पण ते फक्त कॅननची खासगी ‘कॅप्ट’ भाषा समजतं. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर ३२ बिटच्या जमान्यातला. आजच्या उबंटूवर तो बसवताना घाम फुटतो. काही हौशी मंडळींनी ती भाषा उलगडून पर्यायी ड्रायव्हर लिहिला आहे. यंत्र घरात असेलच तर करून पाहा, मुद्दाम विकत मात्र घेऊ नका.

एचपी लेझरजेट १०२० ची तऱ्हा आणखी वेगळी. प्रिंटर बंद केला की तो सगळं विसरतो. पुन्हा चालू केल्यावर त्याचं फर्मवेअर दर वेळी संगणकाने त्याच्यात भरावं लागतं. लिनक्सवर हे काम ‘एचपीलिप’ आणि त्याचा वेगळा उतरवावा लागणारा प्लगइन करतो. तो नसेल तर प्रिंटची आज्ञा जाते, कागद मात्र जागचा हलत नाही. शिवाय एचपीलिपची आवृत्ती बदलली की प्लगइनही त्याच आवृत्तीचा लागतो. म्हणून अपडेटनंतर काल चालणारा प्रिंटर आज रुसतो आणि खापर लिनक्सवर फुटतं.

यातून सुटका झाली ती ॲपलमुळे. आयफोनवर प्रत्येक कंपनीचा ड्रायव्हर बसवणं शक्य नव्हतं, म्हणून २०१० मध्ये ‘एअरप्रिंट’ आलं: प्रिंटरनेच ठरलेली सामाईक भाषा बोलायची. ही भाषा लिनक्सलाही येते. लिनक्सची छपाई सांभाळणारं ‘कप्स’ मायकेल स्वीट यांनी लिहिलं आणि २००७ मध्ये ॲपलने ते विकत घेतलं, म्हणजे नातं घरचंच. त्यामुळे खोक्यावर ‘एअरप्रिंट’ किंवा ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ लिहिलेलं असेल तर सोबतच्या सीडीकडे बघायचं कारण नाही. असा प्रिंटर वायफायवर आला की यादीत आपोआप दिसतो. बऱ्याच नव्या मॉडेलांत यूएसबीवरही हेच जमतं. कप्सच्या ३.० या आवृत्तीतून जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर काढायचं ठरलेलंच आहे, तेव्हा आज घेताना हीच खूण पाहणं शहाणपणाचं.

ती खूण नसली तरी मार्ग बंद होत नाही. एचपीच्या कोणत्या मॉडेलला प्लगइन लागतो, हे एचपीलिपच्या यादीत लिहिलेलं असतं. एप्सनच्या एल मालिकेसाठी आणि ब्रदरसाठी कंपन्या स्वतःच लिनक्स ड्रायव्हर देतात. महिन्यातून दोनचारच पानं छापणार असाल तर माझं मत लेझरला. उन्हाळ्यात पडून राहिलेल्या इंकजेटचं हेड सुकतं आणि सफाईतच शाई संपते.

स्कॅनरचा विचार वेगळा करा. ऑल-इन-वन यंत्र छापतं म्हणजे स्कॅनही करेल, असं धरून चालू नका. लिनक्सवर स्कॅनिंग ‘सेन’ नावाची वेगळी यंत्रणा पाहते आणि तिची स्वतःची यादी आहे. एअरप्रिंटच्या ऑल-इन-वन यंत्रांचं स्कॅनिंग बहुधा ड्रायव्हरविना होतं. नुसता स्कॅनर हवा असेल तर कॅनोस्कॅन लाइड ३०० आणि ४०० त्या यादीत आहेत. त्यांना वीजही यूएसबीतूनच मिळते. जुनी मराठी कागदपत्रं ३०० डीपीआयवर स्कॅन केली तर ‘टेसरॅक्ट’ त्यातली देवनागरी अक्षरं वाचू शकतो, तोही फुकट. सरकारी पोर्टलवर फाइल चढवायची असेल तर १५० डीपीआय आणि ग्रे पुरे, नाहीतर केबींच्या मर्यादेत ती बसत नाही.

खरेदीला जाताना लिनक्सचा पेन ड्राइव्ह खिशात ठेवा. दुकानातल्या एखाद्या लॅपटॉपवर तो चालू करा, डेमोचा प्रिंटर जोडा, मराठी मजकुराचं एक पान छापा आणि तेच पान स्कॅन करून बघा. दुकानदार कुरकुरेल, कुरकुरू द्या. सेकंडहँड यंत्र असेल तर ही चाचणी झाल्याशिवाय पैसे देऊच नका.