हाताची ओळख

गिरगावात चर्नी रोड स्थानकाच्या एका अंगाला खोताच्या वाडीतील लाकडी जिन्यांची जुनी घरे आणि दुसऱ्या अंगाला, समुद्रासमोर, १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय, असा शेजार असल्यामुळे काचेआडच्या माशांचे कौतुक येथील मुलांना पूर्वी सहज लाभत असे. परंतु मासा आपण होऊन आपल्या बोटांतून दाणा घेतो, हा आनंद घरच्या टाकीतच मिळण्याजोगा आहे, आणि तो अवश्य मिळवावा असे मला मनापासून वाटते.

माशाला शिकवता येते याविषयी शंका नको. कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने शिटी वाजवून अन्न देण्याचा क्रम ठेवला, तेव्हा त्याचा दृष्टिहीन मासा काही दिवसांतच नुसत्या शिटीने बिळाबाहेर येऊ लागला, ही हकीकत त्याने १९२३ साली प्रसिद्ध केली. आपल्याकडे महाडनजीकच्या वाळणकोंडात देवीच्या नावाने मासेमारी वर्ज्य असल्यामुळे तेथील महसीर मासे माणसाची चाहूल लागताच पळण्याऐवजी कुरमुऱ्यांसाठी काठाशी गोळा होतात. भय गेले की भूक माशाला माणसाजवळ आणते. घरच्या टाकीतही हेच घडवावयाचे असते.

सुवर्णमत्स्य किंवा ऑस्कर यांसारखे धीट मासे आरंभाला बरे. खाण्याची वेळ आणि टाकीचा कोपरा मुक्रर करावा. पहिले काही दिवस दाणे टाकून तेथेच निश्चल उभे राहावे, मग बोटे पाण्याच्या पृष्ठाशी ठेवावी, आणि मासा त्यांच्याभोवती निर्धास्त फिरू लागल्यावरच दाणा चिमटीत धरून पाण्यात न्यावा. त्याच्यामागे हात फिरवला की झालेली सारी प्रगती वाया जाते. माशाच्या अंगावरील पार्श्वरेषेला पाण्यातील सूक्ष्म कंपही कळतो. म्हणून वाडीतल्यासारख्या फळ्यांच्या जमिनीवर टाकी येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, भक्कम भिंतीलगत ठेवावी. पन्नास लिटर पाण्याचेच वजन पन्नास किलो होते, हेही जुन्या माडीवर विसरून चालत नाही.

हात निव्वळ पाण्याने धुवावे. साबणाचा, अत्तराचा वा डासांच्या मलमाचा अंश पाण्यात जाऊ नये, आणि बोटाला जखम असल्यास तो दिवस सोडावा, कारण टाकीतील जंतूंचा संसर्ग माणसालाही होतो. सुवर्णमत्स्याला खरे जठरच नसते. त्याला थोडे थोडे अन्न मानवते, आणि उरलेले दाणे कुजून पाणी विषारी करतात. तो मागतो आहे म्हणून देत राहणे ही माया नव्हे.

गणपतीला कोकणात जावयाचे झाल्यास शेजाऱ्यांच्या हवाली दाण्यांचा डबा न करता एकेका वेळेच्या पुड्या बांधून द्याव्या. परका हात पाहून मासा प्रथम दूर राहील; त्यांनी दाणे वरून टाकावे.