डोंगराआडचा सूर्य

महाराष्ट्रात सूर्यास्त म्हटलं की पाय किनाऱ्याकडे वळतात. मुरूड, गणपतीपुळे, वेंगुर्ला, नाहीतर मग गोवा. समुद्राच्या सूर्यास्ताबद्दल मला कुठलाही आकस नाही. पण तिथे क्षितिज म्हणजे एक सरळ रेघ असते आणि सूर्य त्या रेघेखाली उतरतो. देशावर, घाटमाथ्यावर, मराठवाड्यात, वऱ्हाडात ही रेघ जमीन स्वतः आखते. कुठे ती कड्याची असते, कुठे धरणाच्या पाण्याची, कुठे ज्वारीच्या शेताची. म्हणून समुद्रापासून लांबचा सूर्योदय नीट पाहायचा तर जागेइतकीच दिशा आणि तारीखही ठाऊक असावी लागते.

सूर्य पूर्वेला उगवतो आणि पश्चिमेला मावळतो हे शाळेतलं वाक्य वर्षातून दोनच दिवस, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना, तंतोतंत खरं असतं. आपल्या अक्षांशावर जूनच्या अखेरीस तो पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेकडे सरकून उगवतो आणि डिसेंबरच्या अखेरीस तितकाच दक्षिणेकडे. दोन्ही टोकांमधलं अंतर ५० अंशांचं पडतं. मे महिन्यात ज्या सुळक्यामागे सूर्य मावळताना पाहिला, तिथे नाताळच्या सुट्टीत पुन्हा गेलात तर तो भलत्याच खिंडीत उतरलेला दिसेल. ‘सनसेट पॉइंट’च्या पाट्या लावणाऱ्यांनी हे कधी सांगितलेलं नाही.

राजगडावर हे स्वच्छ कळतं. सुवेळा माची पूर्वेकडे पसरली आहे आणि संजीवनी माची पश्चिमेच्या अंगाला. एकाच गडावर पहाट सुवेळेला आणि संध्याकाळ संजीवनीला असा दिवस काढता येतो, आणि मधल्या वेळात बालेकिल्ला आहेच. संजीवनीवरून तोरणा दिसतो तो पश्चिमेच्या बराच उत्तरेला. त्यामुळे मे संपताना सूर्य तोरण्याच्या जवळ जातो आणि थंडीत मात्र त्याच्या पुष्कळ डावीकडे, डोंगरांच्या एकामागे एक फिकट होत गेलेल्या रांगांमध्ये उतरतो. मला स्वतःला हा हिवाळ्यातला सूर्यास्त अधिक आवडतो. तोरण्याच्या आकारावरची नजर सुटते आणि सह्याद्रीच्या सोंडा मोजता येतात. गडावरच्या मुक्कामाचे नियम अधूनमधून बदलत असतात. निघण्यापूर्वी चौकशी करावी.

कळसूबाईला मात्र गर्दीची चर्चा आधी करायला हवी. १६४६ मीटरवरचा हा राज्यातला सर्वांत उंच माथा. शनिवारच्या रात्री बारी गावातून विजेऱ्यांची रांग लोखंडी शिड्यांकडे चढत जाते. पहाटे देवीच्या इवल्याशा देवळाभोवती उभं राहायला जागा उरत नाही. आठवड्याच्या मधल्या वारी जाता आलं तर जावं, कारण इथला सूर्योदय खरोखर वेगळा आहे. पूर्वेकडे प्रवरेचं खोरं आणि त्यापलीकडचा नगर जिल्ह्याचा सपाट प्रदेश माथ्यापासून हजारभर मीटर खाली आहे. हवा निवळ असेल तर नजर शंभराहून अधिक किलोमीटर पोहोचू शकते आणि खालच्या गावांपेक्षा चार-पाच मिनिटं आधी सूर्य दिसतो.

पण तिथे मी सगळ्यांना एकच गोष्ट सांगत असतो: बिंब वर आलं की पाठ फिरवा. पश्चिमेकडे, अलंग-मदन-कुलंगच्या दिशेने, कळसूबाईची स्वतःची सावली पडलेली असते, लांबच लांब आणि टोकदार त्रिकोणी. डोंगराचा आकार कसाही ओबडधोबड असो, उंच शिखराची लांबवर पडलेली सावली त्रिकोणीच दिसते, कारण लांब जाणाऱ्या समांतर कडा नजरेला एका बिंदूकडे मिळताना दिसतात. सूर्य जसा वर चढतो तसा तो त्रिकोण पायथ्याकडे आखडत येतो. माथ्यावरची बहुतेक माणसं पूर्वेकडे मोबाइल धरून उभी असतात आणि त्यांच्या मागे हे सारं घडून जातं, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

सूर्याकडे पाठ करून पाहण्यासारखं आणखीही असतं. सूर्य मावळल्यावर काही मिनिटांत पूर्वेच्या क्षितिजावर करड्या-निळ्या रंगाचा एक पट्टा वर सरकू लागतो आणि त्याच्यावर गुलाबी कमान उमटते. तो करडा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. पठारावरून, मोकळ्या माळावरून ती फार सुरेख दिसते. शहरात इमारतींमुळे दिसत नाही.

हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे. आत वळलेला, अर्धवर्तुळाकार, काळ्या कातळाचा हा कडा संध्याकाळी तांबूस होत जातो, तेव्हा कडेला पोटावर पडून खाली पाहणारी मंडळी बोलायची थांबतात. पावसाळ्याच्या शेवटी इथे सकाळही राखून ठेवावी. पाठीमागे ऊन, समोर दरीत धुकं आणि मध्ये आपण, असं जमून आलं तर धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्याभोवती इंद्रधनुष्याचं पूर्ण वर्तुळ दिसतं. हेच इंद्रवज्र. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथलं असं दृश्य पाहून नोंदवून ठेवलं आहे. हे ठरवून दिसत नाही. पण न दिसता परतलेल्यांनाही कड्याने काही कमी दिलेलं नसतं.

महाबळेश्वर, माथेरानबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्याबद्दल सगळ्यांनाच ठाऊक आहे. महाबळेश्वरचा विल्सन पॉइंट तिथला सर्वांत उंच भाग आहे आणि तिथून उगवता व मावळता दोन्ही सूर्य दिसतात. सकाळी तिथे जावं. बॉम्बे पॉइंटला संध्याकाळी गाड्यांची इतकी दाटी होते की सूर्यापेक्षा पार्किंगचीच काळजी जास्त. माथेरानला मोटारी नाहीत, एवढ्या एका कारणासाठी तिथली पॅनोरमा पॉइंटची पहाट मला प्रिय आहे. तांबड्या मातीच्या वाटेवरून अंधारात चालत जाण्यातच अर्धा आनंद आहे.

आता घाटमाथा सोडून आत येऊ. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार लोक दुपारी पाहतात आणि हिरवट पाण्याचा फोटो काढून पुढे जातात. उल्कापाताने बेसाल्टच्या खडकात झालेलं हे विवर, व्यास सुमारे १.८ किलोमीटर. कड हे जवळजवळ पूर्ण वर्तुळ असल्याने सूर्य कुठल्याही महिन्यात कुठूनही उगवो, त्याच्या बरोबर समोर उभं राहायला कडेवर जागा सापडतेच. पश्चिमेच्या कडेवर पहाटे उभं राहावं. पहिलं ऊन आपल्या चेहऱ्यावर येतं तेव्हा खाली दीडशेएक मीटरवर तळं अजून काळोखात असतं. मग उन्हाची कड उतारावरच्या झाडीतून खाली सरकत जाते. विवराचा हिशेब केला तर तळ्याच्या मध्यापर्यंत ऊन पोहोचायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागतो. तेवढ्यात खालून मोरांचे आवाज येतात, कमळजादेवीच्या देवळाचा आकार हळूहळू सुटा होतो. सूर्योदय म्हणजे क्षणात आटोपणारी गोष्ट ही समजूत लोणारला गळून पडते. जगभर फिरून आलेल्या माणसालाही ही सकाळ नवी वाटेल असं माझं मत आहे, आणि तरी औरंगाबाद-वेरूळच्या सहलीत लोणारच्या वाट्याला मुक्काम क्वचितच येतो.

पुणे-सोलापूर रस्त्यावरचं भिगवण ही तर पाण्यावरची पहाट. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा इथवर येतो. हिवाळ्यात कुंभारगाव किंवा डिकसळच्या काठावरून मासेमार मंडळी अंधार असतानाच होड्या काढतात. पाणी उथळ, वारा नाही, आणि पूर्वेला तांबडं फुटू लागलं की पाण्यात आकाश दुप्पट होतं. रोहित पक्ष्यांचे थवे आधी नुसते काळे आकार दिसतात, ऊन पडल्यावर त्यांच्या पंखांतला गुलाबी रंग उघडा होतो. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब इथे थंडी काढतात. होडीवाल्याला थव्यात शिरायला सांगू नये. पक्षी उडाले की फोटो मिळतो, पण त्यांचं खाणं मोडतं. पाणी उतरलं की पळसदेवचं बुडालेलं जुनं देऊळ वर येतं. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या शिखराआडून संध्याकाळ पाहिली की या पाण्याखाली गेलेल्या गावांची आठवण टाळता येत नाही, आणि टाळूही नये.

पंढरपूर भीमेच्या उजव्या काठावर असल्याने तिथले घाट उगवतीकडे तोंड करून आहेत. यात्रेचे दिवस सोडून एखाद्या साध्या सकाळी वाळवंटात उतरावं. पुंडलिकाच्या देवळापलीकडे, नदीपल्याड सूर्य वर येतो आणि स्नानाला आलेल्यांची अर्घ्यं त्याच वेळी चाललेली असतात.

विदर्भाच्या प्रवाशाने घड्याळाचा एक हिशेब लक्षात ठेवावा. राज्य पूर्व-पश्चिम इतकं लांब आहे की गडचिरोलीत सूर्य मुंबईपेक्षा सुमारे अर्धा तास आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. मुंबईच्या सवयीने नागपूरच्या फुटाळा तलावावर नोव्हेंबरात सहाला पोहोचलात तर दिवेलागण झालेली असेल. दुसरी एक गंमतीची बाब अशी की सर्वांत लवकरचा सूर्यास्त आपल्याकडे सर्वांत लहान दिवशी होत नाही, तो नोव्हेंबरच्या अखेरीस होतो, आणि सर्वांत उशिराचा सूर्योदय जानेवारीच्या मध्यावर. म्हणजे संक्रांतीच्या दिवसांत उगवता सूर्य पाहायला सगळ्यात कमी लवकर उठावं लागतं.

मुंबईहून रात्रीच्या गाडीने नागपूरला जाणाऱ्याला अकोला ते वर्धा या पट्ट्यात कुठेतरी उजाडतं. थंडीत उजव्या हाताची खिडकी घ्यावी. सपाट काळी जमीन, वेचणीला आलेली कपाशी, आणि क्षितिजावरून थेट वर येणारं बिंब: आडवं काहीच नाही. समृद्धी महामार्गाने संध्याकाळी मुंबईकडे येणाऱ्यांना हाच सूर्य थेट डोळ्यांवर येतो. तिथे सूर्यास्तासाठी कडेला गाडी उभी करणं धोक्याचं आहे, बाहेर पडून गावाच्या रस्त्याला लागावं. चिखलदऱ्याची गोष्ट निराळी. सातपुड्याची ही कड दक्षिणेला वऱ्हाडच्या मैदानाकडे पाहते, आणि नोव्हेंबर ते जानेवारीत सूर्य उगवतो आग्नेयेकडे, मावळतो नैर्ऋत्येकडे. त्यामुळे हिवाळ्यात दक्षिणेच्या कड्यावरून दोन्ही वेळा मैदानावरच सापडतात.

ऋतूंबद्दल माझी आवडनिवड सांगतो. एप्रिल-मेमध्ये धुळीमुळे सूर्य क्षितिजाला टेकण्याआधीच फिका होऊन विरतो. ऐन पावसात घाटमाथा धुक्यात असतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात पावसाने धुतलेली हवा असते आणि उंचावर पिंजलेले ढग. रंग या ढगांवर चढतात, म्हणून अगदी निरभ्र संध्याकाळ सहसा कमी रंगीत असते. आणि बिंब बुडाल्यावर लगेच उठू नये. वरच्या ढगांना त्यानंतरही दहा-पंधरा मिनिटं ऊन मिळत असतं. सर्वांत गडद रंग पुष्कळदा तेव्हाच येतो.

शेवटी कोल्हापूर, कारण तिथला सूर्यास्त माणसांनी दगडात बांधून घेतला आहे. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. ९, १०, ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी, १, २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणं महाद्वारातून, गरुडमंडपातून सरळ गाभाऱ्यात शिरतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत, अशी परंपरा. तारखांची जोडी सहज समजते: २१ डिसेंबरच्या आधी सुमारे ४१ दिवस आणि नंतर सुमारे ४१ दिवस सूर्य मावळतीच्या त्याच जागी असतो, पश्चिमेच्या थोडा दक्षिणेला. एकदा दक्षिणेकडे जाताना आणि एकदा परत येताना तो त्याच दारातून डोकावतो. नोव्हेंबरात ही वेळ पावणेसहाच्या आसपासची. मंडपात माणसं श्वास रोखून उभी असतात, उंबरठ्यावरून सोनेरी पट्टा पुढे सरकतो, पायऱ्या चढतो.

काही वर्षी किरणं कमरेपर्यंत येऊन थांबतात. ढग, धूळ, हवेतली आर्द्रता ही कारणं असतात, पण देऊळ आणि रंकाळा यांच्यामधली वाढलेली बांधकामंही असतात, आणि ती वाट कुठे अडते हे अभ्यासकांनी मोजून दाखवलेलं आहे. देवळाच्या बांधकामात साधलेला तो कोन अजून चुकलेला नाही. अडथळा असतो तो वाटेतल्या गच्च्यांचा आणि पाण्याच्या टाक्यांचा. कोल्हापूरकरांनी आणि महापालिकेने त्या अरुंद पट्ट्यातली उंची कायमची बांधून घ्यावी, नव्या परवानग्या देताना किरणांची रेघ नकाशावर आखलेली असावी. दिवाळीच्या मागेपुढे कोल्हापूरला जाणार असाल तर ९ नोव्हेंबरला साडेपाचच्या आत गरुडमंडपात पोहोचा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी रंकाळ्याच्या काठावर उभं राहून तोच सूर्य पाण्यापलीकडे उतरताना बघा.