कड्यावर साठवलेली दुपार

विजेचे एक वैशिष्ट्य असे की ती ज्या क्षणी तयार होते त्याच क्षणी वापरली जावी लागते, आणि ज्या क्षणी घरात कोणी बटण दाबतो त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. धान्य कणगीत भरून ठेवता येते, पाणी तळ्यात अडवता येते. तारांतून वाहणारी वीज मात्र आहे त्या रूपात साठत नाही, तिला आधी दुसऱ्या एखाद्या ऊर्जेचे रूप द्यावे लागते. कोळशाच्या काळात ही अडचण फारशी जाणवली नाही, कारण वीजकेंद्राच्या आवारात रचलेला कोळशाचा ढीग हाच साठा होता आणि मागणी वाढली की भट्टीत अधिक कोळसा टाकणे एवढेच काम उरत होते. सूर्यप्रकाशाचा मात्र असा ढीग रचता येत नाही. भारताची सौर स्थापित क्षमता, म्हणजे सर्व सौर संच पूर्ण ताकदीने चालल्यास मिळू शकणारी वीज, २०२५ च्या सुरुवातीला एक लाख मेगावॅटच्या पुढे गेली. परंतु ही वीज दुपारी ओसंडून वाहते आणि दिवेलागणीला, नेमकी घरोघरी मागणी चढू लागते तेव्हा, शून्यावर येते. दुपारची वीज रात्री नऊपर्यंत कशी टिकवायची, हा वीजनिर्मितीच्या भवितव्यातील आज सर्वांत कळीचा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तराचा मोठा भाग सह्याद्रीच्या कड्यांत आहे.

निर्मिती आणि मागणी यांचा मेळ क्षणोक्षणी कसा राखला जातो, हे आधी समजून घेतले पाहिजे. देशभरच्या वीजजाळ्यात, म्हणजे ग्रिडमध्ये, विद्युतप्रवाह सेकंदाला ५० आवर्तने पूर्ण करतो. यालाच ५० हर्ट्झ वारंवारता म्हणतात, आणि औष्णिक केंद्रांतील टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरे घेतात ते याच आकड्याशी जुळवून. मागणी अचानक वाढली की, चढ लागल्यावर बैलगाडी मंदावते तशी, जाळ्याला जोडलेली सारी चाके किंचित मंदावतात आणि वारंवारता उतरते; मागणी घटली की ती चढते. भारतात ही वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या अरुंद पट्ट्यात राखण्याचा नियम आहे. पट्टा फार सुटला तर यंत्रे स्वतःच्या बचावासाठी जाळ्यापासून तुटतात, एक तुटले की त्याचा भार दुसऱ्यावर येतो, आणि अशा साखळीतून अख्खे प्रांत अंधारात जाऊ शकतात.

औष्णिक केंद्रांना हा मेळ झटपट साधणे अवघड जाते. कोराडी येथील ६६० मेगावॅटचे संच 'सुपरक्रिटिकल' पद्धतीचे आहेत. तापमान ३७४ अंश सेल्सिअसच्या आणि दाब वातावरणाच्या सुमारे २१८ पटींच्या वर गेला की पाणी उकळत नाही, कारण द्रव आणि वाफ हा भेदच तेथे पुसला जातो. अशा अवस्थेतील पाण्यावर टर्बाइन चालवले की कोळशातील उष्णतेपैकी सुमारे ४० टक्के भाग विजेत उतरतो, जुन्या संचांत तो पस्तीसच्या आसपास राहतो. पण एवढा दाब पेलणाऱ्या पोलादी भिंती आणि टर्बाइनचा अवजड आस जाड असतात, व जाड पोलाद घाईने तापवले किंवा निववले तर बाहेरचा थर आतल्या थराच्या आधी प्रसरण किंवा आकुंचन पावून धातूला तडे जाण्याचा धोका निर्माण होतो. म्हणूनच पूर्ण थंडावलेला संच पुन्हा भारावर आणायला कित्येक तास लागतात. दुपारी सूर्याला वाट करून देण्यासाठी हे संच ५५ टक्के आणि पुढे ४० टक्के भारापर्यंत उतरवता आले पाहिजेत, असे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे नियम सांगतात. त्या दिशेने काम सुरू असले, तरी दररोजच्या या चढउताराने यंत्रांची झीज वाढते, हे नाकारता येत नाही.

जलविद्युत संचाला असा त्रास नाही. पाण्याची वाट उघडली की काही मिनिटांत तो पूर्ण भार उचलतो. त्याची मोठी परीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी झाली. त्या रात्री नऊ वाजता नऊ मिनिटे घरातील दिवे बंद ठेवण्याचे आवाहन पंतप्रधानांनी केले होते, आणि देशाची वीजमागणी पाहता पाहता सुमारे ३१ हजार मेगावॅटने कोसळली. भारप्रेषण केंद्रांनी, म्हणजे कोणत्या केंद्राने किती वीज द्यायची हे क्षणोक्षणी ठरवणाऱ्या नियंत्रणकक्षांनी, देशातील जलविद्युत निर्मिती आधी चढवून ठेवली होती. ती साडेपंचवीस हजार मेगावॅटवरून आठ हजारांपर्यंत खाली आणून पुन्हा एकोणीस हजारांवर नेण्याचे काम पाऊण तासाच्या आत झाले. वारंवारता ४९.७० आणि ५०.२६ च्या दरम्यान हेलकावली, पण जाळे तुटले नाही. त्या रात्री कामावर असलेल्या अभियंत्यांचे ऋण देशाने अधिक मोकळेपणाने मानायला हवे होते.

जलविद्युतेचा हा वारसा महाराष्ट्रात शतकभराचा आहे. दख्खनचे पठार कोकणाच्या बाजूला एकदम तुटते, आणि घाटमाथ्यावर पडणारा धो धो पाऊस अडवून कड्याखाली सोडला की थोड्या पाण्यातही मोठी शक्ती मिळते, हे ओळखून टाटांनी खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७) ही केंद्रे उभारली व मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवली. भिऱ्याला जाणारे पाणी ज्या मुळशी खोऱ्यात अडवले गेले, तेथील शेतकऱ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये केलेला सत्याग्रह याच इतिहासाचा भाग आहे, आणि तो विसरून या विषयावर लिहिणे अन्यायाचे ठरेल. पुढे कोयनेचे पाणी डोंगराखालच्या बोगद्यांतून पश्चिमेकडे वळवून पोफळी परिसरातील भुयारी वीजगृहांत सोडण्यात आले, आणि टप्प्याटप्प्याने प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅटवर पोचली.

या सर्व केंद्रांत पाणी खाली येते. उदंचन जलविद्युत केंद्रात ते पुन्हा वर चढवले जाते. उदंचन म्हणजे उपसून वर नेणे. कड्यावर एक जलाशय, पायथ्याशी दुसरा आणि मधल्या खडकात वीजगृह अशी ही रचना असते: वीज मुबलक असेल तेव्हा पंपाने पाणी वर न्यायचे आणि टंचाईच्या वेळी तेच पाणी खाली सोडून वीज परत मिळवायची. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील घाटघर येथे २००८ मध्ये सुरू झालेला, १२५ मेगावॅटच्या दोन संचांचा प्रकल्प असाच आहे. त्याची धरणे रोलरने दाबून घट्ट केलेल्या काँक्रीटची आहेत, आणि ही पद्धत देशात प्रथम तेथेच वापरली गेली. वरच्या जलाशयातले पाणी कडा उतरून ठाणे जिल्ह्याच्या हद्दीतील खालच्या जलाशयात येते.

उंचीचे महत्त्व साध्या हिशेबाने उमगते. घराच्या गच्चीवर, दहा मीटर उंचीवर, ठेवलेल्या हजार लिटरच्या टाकीतील पाणी टर्बाइनमधून खाली सोडले, तर त्यातून दहा वॅटचा एक दिवा जेमतेम अडीच तास चालेल. तीच टाकी घाटघरसारख्या सुमारे चारशे मीटरच्या कड्यावर नेली, की तेवढ्याच पाण्यातून जवळजवळ एक पूर्ण युनिट वीज मिळते आणि तोच दिवा शंभर तास जळतो. २५० मेगावॅट क्षमतेने सहा तास वीज द्यायची, म्हणजे पंधरा लाख युनिट, तर साधारण दीडशे कोटी लिटर पाणी खाली यावे लागते; दर सेकंदाला सुमारे ७० हजार लिटर.

एकच यंत्र टर्बाइन आणि पंप ही दोन्ही कामे कसे करते, हे पाहण्याजोगे आहे. वीज देताना पाणी शंखाच्या आकाराच्या कवचातून शिरते, उघडझाप करणाऱ्या पात्यांमधून चक्रावर येते आणि त्याला फिरवून खाली निघून जाते. पंप म्हणून चालवताना हेच चक्र उलट दिशेने फिरवावे लागते, आणि जनित्राचीच विद्युतमोटर होते. मात्र पाण्यात बुडालेले अवजड चक्र थांबलेल्या स्थितीतून फिरवायला फार जोर लागेल, म्हणून आधी पात्या मिटून चक्राच्या कक्षात दाबाची हवा सोडली जाते, पाणी खाली रेटले जाते आणि चक्र मोकळ्या हवेत वेग घेऊ लागते. पूर्ण वेग आला, ग्रिडच्या आवर्तनांशी ठेका जुळला, की यंत्र जाळ्याला जोडले जाते. मग हवा सोडून दिली जाते, पाणी पुन्हा चढून चक्राला वेढते, दाब वाढतो, पात्या हळूहळू उघडतात आणि पाणी कड्याच्या दिशेने चढू लागते.

या उलाढालीत तूट येते; पाणी चढवायला शंभर युनिट खर्च केले तर परत सुमारे ७५ ते ८० मिळतात. दुपारी मागणीअभावी सौर संच बंद ठेवावे लागत असतील, तर ही तूट परवडणारी आहे. लिथियमच्या बॅटऱ्यांतील तूट याहून कमी असते, त्या काही महिन्यांत उभ्या राहतात आणि त्यांच्या किमती झपाट्याने उतरत आहेत, त्यामुळे दोन-तीन तासांच्या गरजेसाठी त्यांचीच निवड रास्त ठरेल; सहा-आठ तासांचा साठा मात्र अनेक दशके टिकवायचा असेल, तर आजही पाणी आणि डोंगर यांची जोडी अधिक भरवशाची आहे. साठवणुकीची गरजच कमी करणारा एक उपायही राज्यात चालू आहे: कृषी वाहिन्या सौरऊर्जेवर आणून शेतीपंपांना दिवसा वीज देणे. त्यामुळे दुपारची वीज दुपारीच पाटातून वाहते आणि शेतकऱ्याला मध्यरात्री, विंचूकाट्याच्या भीतीत, मोटर सुरू करायला रानात जावे लागत नाही.

उदंचन प्रकल्पांची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. प्रत्येक नव्या जलाशयाखाली घाटमाथ्याचे जंगल किंवा कोणाची तरी जमीन जाते, आणि ठाणे जिल्ह्याच्या ज्या शहापूर तालुक्यातून मुंबईला पाणी जाते त्याच तालुक्याच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतो. अशा मुलखात कोट्यवधी लिटर पाणी रोज वर-खाली खेळवायचे असेल, तर त्यातील पहिला हिस्सा परिसराच्या पिण्यासाठी राखून ठेवण्याची अट परवानगीतच असली पाहिजे.

म्हणून जेथे दोन्ही जलाशय आधीच आहेत, त्या जागांचा विचार प्रथम व्हावा. कोयनेचा शिवसागर कड्यावर आहे आणि तेथून उतरलेले पाणी ज्यात येते तो कोळकेवाडीचा जलाशय पायथ्याशी. पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाची वर्षाला ६७.५ टीएमसीची, म्हणजे ६७.५ अब्ज घनफुटांची, मर्यादा आहे, त्यामुळे पुन्हा वर नेलेले पाणी तेथे विशेष मोलाचे. सध्याचे संच पंप म्हणून चालत नाहीत, आणि नवे बसवायचे तर ते खालच्या जलाशयाच्या पातळीहून बरेच खोल बसवावे लागतील. कारण पंपाच्या तोंडाशी दाब कमी पडला की पाण्यात बुडबुडे धरतात, ते पात्यांवर फुटतात आणि काही काळात पोलादालाही खड्डे पाडतात. एवढे खोल वीजगृह खडकात खोदणे खर्चाचे आणि वेळखाऊ आहे, पण त्यासाठी एकाही गावाला नव्याने पाण्याखाली जावे लागणार नाही.