कार्डावरचा 'बॉब' क्लेमेंटे

पिट्सबर्गच्या जुन्या बाजारात परवा 1965 चं टॉप्स कंपनीचं बेसबॉल कार्ड मिळालं. कोपरे झिजलेले, मधोमध घडीची रेघ. नाव छापलंय बॉब क्लेमेंटे.

हा प्वेर्तो रिकोचा बेसबॉलपटू रोबेर्तो! 1955 आणि 1956 च्या कार्डांवर नाव बरोबर होतं. 1957 ते 1969 मात्र टॉप्सने त्याचा 'बॉब' करून टाकला. त्याला ते आवडत नसे, तरी छापत राहिले.

पिट्सबर्गच्या पायरेट्स संघाकडून 18 हंगाम, बरोबर 3000 हिट्स. 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. वय अवघं 38. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायची अट बाजूला ठेवून 1973 मध्येच त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं.

कार्ड अस्सल आहे का, हे बघायला भिंग लावा. त्या काळच्या कार्डात फोटो ठिपक्यांचा, पण काळी अक्षरं सलग शाईची. अक्षरांतही ठिपके दिसले तर बहुधा नवी नक्कल.

घडी पडली की किंमत पार उतरते. मला चालतं, विकायचंय कुणाला?

तुमच्याकडे जुनी कार्डं असतील तर फोटो टाका, काहीही विचारा. आणि गठ्ठ्याला रबरबँड लावलं असेल तर ते आधी काढा, कडा दबतात!