औषधाचा त्रास, आजाराचा त्रास: तीव्र नैराश्याच्या उपचारांविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कात खाडीकाठी चालायला येणारी माणसे रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांबद्दल मोकळेपणाने बोलतात. कोणती सोसली, कोणत्या गोळीने पाय सुजले, डॉक्टरांनी ती कशी बदलून दिली, असे सगळे बोलणे होते. डिप्रेशनच्या गोळीचा विषय मात्र दबक्या आवाजात निघतो आणि ‘सुरूच करू नका, एकदा लागली की सुटत नाही’ या सल्ल्यापाशी संपतो. हा सल्ला देणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण त्यात तराजूचे एकच पारडे भरलेले असते. औषधाचे सगळे दुष्परिणाम त्यात घातले जातात. दुसऱ्या पारड्यात उपचार न केलेला आजार असायला हवा, ते मात्र रिकामे राहते. नैराश्य तीव्र असते तेव्हा झोप, भूक, एकाग्रता, नोकरी आणि नाती एकेक करून हातची जातात आणि काहींच्या जिवावर बेतते. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने 2015-16 मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यानुसार प्रौढांपैकी सुमारे 2.7 टक्के लोकांना त्या वेळी नैराश्याचा आजार होता आणि त्यांतले 85 टक्के उपचारांविना होते. मीरा-भाईंदरची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच आठ लाखांवर होती. हेच प्रमाण इथल्या प्रौढांना लावले, तर एका शहरातली ही संख्या दहा हजारांपलीकडे जाते. म्हणून दुष्परिणामांची भीती खोडून काढण्यापेक्षा तिचे नीट मोजमाप करणे अधिक गरजेचे आहे.

गैरसमज 1: ‘या झोपेच्या गोळ्या आहेत, सवय लागते.’

वस्तुस्थिती: इथे दोन वेगळ्या औषधांची गल्लत होते. अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम ही चिंता तात्पुरती कमी करणारी, झोप आणणारी औषधे आहेत. ती महिनोन्‌महिने घेतली तर सवय लागते आणि तोच परिणाम मिळायला मात्रा वाढवावी लागू शकते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची औषधे वेगळी आहेत. त्यांनी तलफ येत नाही, नशा चढत नाही, आणि त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार, कधी सहा आठवडे लागतात. गल्लत होण्याचे एक कारण आपल्या औषधबाजारातही आहे. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून सर्रास विकले जातात. म्हणून लाल उभ्या रेघेच्या त्या पाकिटामागे ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत किती औषधांची नावे आहेत, ते वाचावे. दोन असतील तर दुसरे कशासाठी आणि किती दिवस, हे डॉक्टरांना विचारावे.

यावर हरकत येते: सवय लागत नाही, तर गोळी बंद केल्यावर चक्कर का येते, डोक्यात झटके बसल्यासारखे का होते, चिडचिड का वाढते? हा अनुभव खरा आहे आणि डॉक्टरांनी तो पूर्वी कमी लेखला, हेही खरे आहे. 2024 मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण प्रसिद्ध झाले. औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे 31 टक्क्यांना आणि बिनऔषधाची गोळी थांबवणाऱ्यांपैकी 17 टक्क्यांना अशी लक्षणे जाणवली. म्हणजे खुद्द औषधामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला होतो. तीव्र त्रास सुमारे तीन टक्क्यांना होतो. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनमध्ये तो जास्त आढळतो. त्यामुळे औषध मनाने, एकदम कधीच सोडू नये. आठवडे किंवा महिने घेऊन, पायरीपायरीने मात्रा उतरवत ते थांबवता येते. औषध बंद करण्याचा आराखडा पहिल्याच भेटीत मागणे हा रुग्णाचा हक्क आहे.

गैरसमज 2: ‘दुष्परिणाम इतके की त्यापेक्षा आजार परवडला.’

वस्तुस्थिती: सगळे दुष्परिणाम एका मापाचे नसतात. मळमळ, पातळ शौचास होणे, डोकेदुखी, हात थरथरणे आणि सुरुवातीची बेचैनी अनेकांना पहिल्या एक-दोन आठवड्यांत होते आणि बहुधा ओसरते. नेमके हेच दिवस घातक ठरतात. त्रास लगेच सुरू होतो, फायदा मात्र अजून लांब असतो, आणि गोळ्या दहाव्या दिवशी कचऱ्यात जातात. जेवणानंतर गोळी घेणे, कमी मात्रेने सुरुवात करणे, झोप आणणारी गोळी रात्री आणि झोप उडवणारी सकाळी घेणे, अशा साध्या बदलांनी यातले बरेच निभावते. पहाटेची चर्चगेट लोकल पकडणाऱ्याने आपली दिनचर्या डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे, कारण गोळीची वेळ त्यावर ठरते.

दुसरा गट टिकून राहणाऱ्या त्रासांचा. लैंगिक इच्छा कमी होणे, वीर्यपतनाला उशीर होणे, वजन वाढणे आणि भावना बोथट झाल्यासारखे वाटणे हे त्यात येते. लैंगिक तक्रार फार जणांना होते आणि फार थोडे ती बोलून दाखवतात. बोलले तर मार्ग असतो. बुप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिनमुळे ही तक्रार कमी होते. मात्र मिर्टाझापिनने वजन आणि झोप वाढते, आणि फिट येणाऱ्याला बुप्रोपिऑन चालत नाही. प्रत्येक पर्यायाला अशी किंमत असते. कोणती किंमत आपल्याला परवडेल, हे रुग्ण आणि डॉक्टर मिळून ठरवतात. तिसरा गट कमी आढळणारा पण गंभीर. वृद्धांत रक्तातले सोडियम घटू शकते. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामक गोळ्या सोबत असतील तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. आधी कधी उन्मादाचे, अतिउत्साहाचे झटके आले असतील तर नुसते नैराश्यविरोधी औषध तो झटका पुन्हा उसळवू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2004 मध्ये मुलांसाठी आणि 2007 मध्ये 24 वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी, सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा ठळक इशारा दिला. या वयात औषध द्यायचेच नाही, असा त्याचा अर्थ नाही. पहिल्या काही आठवड्यांत घरच्यांनी जवळून लक्ष ठेवावे आणि डॉक्टरांच्या भेटी लवकर-लवकर व्हाव्यात, हे तो सांगतो.

गैरसमज 3: ‘सेरोटोनिनची गोष्ट खोटी ठरली, म्हणजे औषधेही निरुपयोगी.’

वस्तुस्थिती: 2022 मध्ये जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यास तपासले. मेंदूतले सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येते, याला सातत्यपूर्ण पुरावा नाही, असे त्यांनी दाखवले. वर्षानुवर्षे रुग्णांना सांगितलेली ‘रासायनिक असंतुलना’ची सोपी गोष्ट सोडून द्यायला हवी, यात शंका नाही. पण आजाराचे कारण काय आणि औषधाने फरक पडतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नैराश्यावरच्या पहिल्या औषधांपैकी इप्रोनियाझिड मुळात क्षयासाठी वापरले जात होते. 1950 च्या दशकात रुग्णांचा मूड सुधारलेला आधी दिसला, स्पष्टीकरणे नंतर आली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर 2018 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात आहे. 522 चाचण्या आणि 1,16,477 रुग्ण पाहिल्यावर, तपासलेली सर्व 21 औषधे बिनऔषधाच्या गोळीपेक्षा सरस ठरली. ही सरशी सरासरीने माफक आहे, हेही त्यातच दिसते. अमेरिकेतल्या ‘स्टार-डी’ अभ्यासात पहिल्या औषधाने साधारण एक तृतीयांश रुग्णच पूर्ण बरे झाले. म्हणून पहिली गोळी लागू पडली नाही तर ‘मला औषधे चालत नाहीत’ असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते. दुसऱ्या बाजूने, बरे वाटताच गोळी सोडण्यातही धोका आहे. 2021 च्या एका ब्रिटिश अभ्यासात दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि आता बरे असलेल्या लोकांपैकी ज्यांचे औषध थांबवले त्यांच्यातल्या 56 टक्क्यांना, आणि ज्यांनी चालू ठेवले त्यांच्यातल्या 39 टक्क्यांना वर्षभरात आजार उलटला. या आकड्यांचा दुसरा अर्थही वाचावा: औषध सोडलेल्यांपैकी शंभरात 44 जण वर्षभर ठीक राहिले. ‘आयुष्यभर घ्यावीच लागते’ हेही सर्वांना लागू होत नाही.

गैरसमज 4: ‘नैसर्गिक औषधाला साइड इफेक्ट नसतात.’

वस्तुस्थिती: याचे उत्तर मुंबईच्याच वैद्यकीय इतिहासात आहे. सर्पगंधा ही आपल्याकडची जुनी वनस्पती. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी मुंबईत रुग्णांवर केलेला तिचा अभ्यास 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि रक्तदाबावरचे औषध म्हणून ती जगभर पोहोचली. तिच्यातले रेझर्पिन वापरात आल्यावर काही रुग्णांत सुस्ती आणि मनाची उदासी नोंदली गेली. हा संबंध किती थेट होता यावर पुढे वाद झाला, तरी औषधाच्या माहितीपत्रकात तो इशारा राहिला. जे शरीरात बदल घडवते ते नको असलेले बदलही घडवू शकते, मग ते झाडातून येवो की कारखान्यातून. युरोपात नैराश्यासाठी वापरली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती सौम्य ते मध्यम नैराश्यात काहींना उपयोगी पडते. पण ती रक्त पातळ करणाऱ्या आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम घटवते. नैराश्याच्या गोळ्यांसोबत घेतली तर धोका निर्माण करते. वैद्यांचे औषध चालू असेल तर ते मानसोपचारतज्ज्ञांपासून लपवू नये, एवढे पथ्य सर्वांनी पाळावे. उपवासाचेही तसेच आहे. गोळ्यांना जोड म्हणून कधी लिथियम दिले जाते, आणि शरीरातले पाणी घटले की रक्तातली त्याची पातळी धोकादायक वाढते. भाईंदरमध्ये पर्युषणात कडक उपवास करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. लिथियम घेणाऱ्याने उपवासाआधी डॉक्टरांशी बोलणे जिवाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

गैरसमज 5: ‘समुपदेशन, योग आणि चालणे पुरेसे आहे.’

वस्तुस्थिती: हे पूर्ण चूक नाही, म्हणूनच नेमके सांगायला हवे. बोलण्याच्या उपचाराची ताकद दाखवणारा एक भक्कम पुरावा आपल्या शेजारच्या गोव्यातला आहे. डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने 1996 मध्ये सुरू झालेल्या ‘संगत’ संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या सुमारे पाचशे रुग्णांवर चाचणी केली. मनोविकारशास्त्राची पदवी नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठका घेतल्या. छोटी, ठरवलेली कामे पुन्हा सुरू करायला त्यांनी मदत केली. तीन महिन्यांनी या गटातले 64 टक्के रुग्ण आजारमुक्त होते. फक्त केंद्रातले सुधारित नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण 39 टक्के होते. मनात येणारा प्रश्न रास्त आहे: मग गोळ्या कशाला? कारण उरलेले 36 टक्केही आहेत. जेवणखाण सोडलेला, अंथरुणातून न उठणारा, नसलेले आवाज ऐकू येणारा किंवा मरणाचा विचार करणारा रुग्ण बैठकीत बसून बोलण्याच्या स्थितीत नसतो. त्याच्यासाठी आठवडे वाट पाहणे हीच सर्वांत मोठी जोखीम असते. ब्रिटनच्या नाइस संस्थेची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वे हा फरक करतात. कमी तीव्रतेच्या नैराश्यात, रुग्णाची तशी पसंती नसेल तर, औषधाने सुरुवात करू नये. तीव्र नैराश्यात बोलण्याचा उपचार आणि औषध दोन्ही मिळून द्यावे. खाडीकाठचे चालणे मनाला बळ देते, योगासनेही देतात. पण ज्याला दात घासायचे त्राण नाही त्याला ‘चौपाटीवर फेरी मार’ म्हणणे त्याच्या अपराधीपणात भर घालते. आधी उठण्याचे बळ यावे, मग चालणे त्या बळाला टिकवते.

गैरसमज 6: ‘शॉक म्हणजे शिक्षा.’

वस्तुस्थिती: सिनेमांनी मनात बसवलेले दृश्य कायद्याने इतिहासजमा केले आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विद्युत उपचार करण्यास मनाई आहे. रुग्ण झोपलेला असतो, झटका जाणवत नाही. ज्यांचा आजार फार तीव्र आहे, खाणेपिणे थांबले आहे, त्यांच्यात हा सर्वांत जलद आणि परिणामकारक उपचारांपैकी एक आहे. त्याचीही किंमत आहे: उपचाराच्या आसपासच्या काळातल्या आठवणी पुसट होतात, काहींच्या कायमच्या जातात. 2023 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत, औषधांना दाद न देणाऱ्या पण भ्रम नसलेल्या रुग्णांपैकी केटामाइनने 55 टक्क्यांना आणि विद्युत उपचाराने 41 टक्क्यांना फरक पडला. म्हणजे पर्याय वाढत आहेत. केटामाइनचा परिणाम मात्र टिकवावा लागतो, देताना देखरेख लागते आणि व्यसनाचा धोका असतो. बिनकिमतीचा उपचार इथेही नाही.

या सगळ्यातून निघणारी गोष्ट एकच. निर्णय ‘औषध चांगले की वाईट’ असा नसतो. या माणसाला, या घडीला, आजार किती पुढे गेला आहे आणि कोणत्या उपचाराचा त्रास त्याहून कमी आहे, एवढेच ठरवायचे असते. त्यासाठी डॉक्टरांना थेट विचारावे: माझे नैराश्य कितपत तीव्र आहे? थायरॉइड आणि बी-12 तपासले का? या गोळीचा कोणता त्रास आठवड्यात जाईल, कोणता राहील? किती आठवड्यांनी फरक पडला नाही तर काय बदलायचे? बंद कधी आणि कशी करायची? घोडबंदर रस्त्याने गाठता येणारे ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून आहे. मुंबई महापालिकेच्या केईएम आणि नायर रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. जगणे नकोसे वाटत असेल तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच क्षणी हा क्रमांक लावावा, किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. आणि घरच्यांनी, ‘गोळ्या सोड’ म्हणण्याआधी, उपचार थांबले तर काय होईल याचे उत्तर आपल्याकडे आहे का, ते स्वतःला विचारावे. ते नसेल तर सल्ला देण्याऐवजी पुढच्या भेटीला रुग्णासोबत जावे.